'अंऽ' म्हणजे अज्ञान नव्हे

'सात दिवसांत अडखळणं बंद!' अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. 'अंऽ', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' असं बोलणारा माणूस घाबरट तरी असतो, नाहीतर बिनतयारीचा, असं त्या धरूनच चालतात. बाळाच्या जिभेला वेखंड लावणारी आजी निदान पैसे तरी मागत नव्हती.

सांडशीचं चित्र दाखवून नाव विचारलं, तर उत्तर ओठांवर यायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरातले भाषा-मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी या वेळेचा हिशेबच मांडला. पहिले पावणेदोनशे मिलिसेकंद वस्तू ओळखण्यात जातात. पुढच्या पाऊणशेत शब्दाची निवड होते. तिथे चिमटा आणि पक्कडही उमेदवार असतात. शब्द ठरला की त्याचं लिंग हाती येतं, पण उच्चार अजून यायचा असतो. मग ध्वनी गोळा होतात, त्यांची अक्षरं जुळतात आणि शेवटी जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना हुकूम सुटतात. मराठीत तर 'मोठा' म्हणायचं की 'मोठी', हेही नाम सापडल्याशिवाय ठरत नाही.

आता गंमत बघा. दहा भाषांमधल्या संभाषणांची 2009 साली तुलना झाली, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव सुरू व्हावी लागते. ती मागे पडली की 'अंऽ' निघतो: थांबा, माझं संपलेलं नाही. क्लार्क आणि फॉक्स ट्री या संशोधकांना 2002 मध्ये इंग्रजीत असं आढळलं, की 'अम्' नंतरचा खोळंबा 'अ' नंतरच्यापेक्षा मोठा असतो. बोलणारा उशिराचा अंदाजसुद्धा देतो!

कोलंबिया विद्यापीठात 1991 साली व्याख्यानांतले हे 'अं' मोजले गेले. मानव्यविद्यांच्या प्राध्यापकांचे जास्त, विज्ञानवाल्यांचे कमी. मात्र सगळ्यांना सर्वसाधारण विषयावर बोलतं केलं, तेव्हा फरक उरला नाही. एकच गोष्ट दहा प्रकारे सांगता येत असेल, तर निवड अडते.

भाषणात मात्र आपली बोलण्याची पाळी कुणी हिसकावत नसतं, तरी सवय सुटत नाही. तिथे उपाय सरळ आहे: स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून 'अं' नेमका कुठे येतो ते पकडायचं आणि त्या जागी तोंड मिटून थांबायचं. सवयमोडीची हीच पद्धत 2016 मध्ये विद्यार्थ्यांवर वापरली, तेव्हा त्यांचे 'अं' कमी झाले. थांबणं बोलणाऱ्याला युगासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यासारखं. वाक्याचा तुकडा जिथे पुरा होतो तिथे थांबावं, विशेषण आणि नामाच्या मध्ये नको.

शून्यावर आणायचा अट्टहास मात्र कशाला? एडिनबरोतल्या 2007 च्या प्रयोगात 'अ' नंतर आलेले शब्द ऐकणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिले. आणि दोन वर्षांच्या पुढची मुलं तर 'अंऽ' ऐकताच ओळखीची वस्तू सोडून अनोळखी वस्तूकडे बघायला लागतात.