लग्नाची कॅसेट आणि मायक्रोसेकंदांचा हिशोब

'लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट ४के करून मिळेल' अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. ४के म्हणजे एका आडव्या ओळीत ३८४० ठिपके. व्हीएचएसच्या ओळीत खरा तपशील असतो जेमतेम तीनशे ठिपक्यांइतका. बाकीचे साडेतीन हजार संगणकाने मनचे भरलेले असतात. त्यात 'एआय' लावलं, तर नवरीच्या मावशीला जन्मात कधी नव्हत्या अशा रेखीव भुवया येतात. मावशी खूश होईल, पण ती नोंद राहत नाही.

कॅसेटीतलं आहे तेवढं सगळं बाहेर काढायचं, तर ठिपके वाढवण्याआधी वेळ सांभाळावी लागते. ती कशी, ते कळायला मशीनच्या पोटात शिरू.

जेव्हीसी या जपानी कंपनीने व्हीएचएस बाजारात आणलं ते १९७६ साली. गाण्याच्या कॅसेटीत हेड, म्हणजे फितीवर लिहिणारा-वाचणारा भाग, जागेवर असतो आणि फीत पुढे सरकते. चित्राचा सिग्नल मात्र सेकंदाला लाखो वेळा बदलतो. तो असा लिहायचा, तर तीन तासांच्या कॅसेटीत पन्नासेक किलोमीटर फीत गुंडाळावी लागली असती. म्हणून हेडच फिरतं ठेवलं. ६२ मिलिमीटर व्यासाचा, थोडा तिरका बसवलेला ड्रम. त्यावर समोरासमोर दोन हेड. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत सेकंदाला फक्त २३ मिलिमीटर सरकते, पण हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर वेगाने तिरक्या रेघा ओढत जातं. एका रेघेत अर्धं चित्र, पुढच्या रेघेत उरलेल्या एकाआड एक ओळी. तीन तासांचं काम अडीचशे मीटर फितीत होतं. मला तर हे यंत्र आजही थक्क करतं.

आता हिशोब करू. पालमध्ये चित्राच्या एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात हेड फितीवर ०.३१ मिलिमीटर पुढे जातं. म्हणजे पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतची अख्खी ओळ मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून कमी जागेत मावलेली! संगणकाला जोडलेलं कॅप्चर उपकरण त्या सिग्नलचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतं. एक नमुना म्हणजे चित्रातला एक ठिपका. एका नमुन्याला ७४ नॅनोसेकंद, म्हणजे फितीवरचे सुमारे ०.३६ मायक्रोमीटर. तीस वर्षांत फीत थोडी ताणलेली, मशीनमधलं रबर सैल झालेलं. एखादी ओळ एक मायक्रोसेकंद उशिरा आली, की तिच्यातलं चित्र तेरा-चौदा ठिपके सरकतं. पुढची ओळ वेळेवर, तिसरी किंचित आधी. मांडवाचे खांब डुलायला लागतात ते यामुळे.

मग पूर्वी हे का जाणवत नव्हतं? पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत प्रत्येक ओळीच्या आरंभी येणारी खूण पाहून किरण निघायचा, त्यामुळे उशीर बराचसा पचून जायचा. कॅप्चर उपकरणाचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

इथे कामाला येतो टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. प्रत्येक ओळीची खूण नेमकी कधी आली ते तो मोजतो, ओळ मेमरीत धरून ठेवतो आणि पक्क्या घड्याळाच्या तालावर पुढे सोडतो. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) मशीनांत तो आतच असतो. काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे नेला तरी चित्र बरंच सरळ होतं. स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चरमध्ये हा प्रकार सहसा नसतो. खुणा विस्कटल्या की त्यात फ्रेमच गळतात. मग आवाज पुढे आणि ओठ मागे.

मशीनपासून कॅप्चर उपकरणापर्यंतची वायर शक्यतो एस-व्हिडिओची घ्यावी, ती उजेड आणि रंग वेगवेगळे नेते. फितीवर उजेड आणि रंग वेगळे लिहिलेले असतात. पिवळ्या पिनेच्या वायरीत ते एकत्र कोंबून पुन्हा वेगळे करावे लागतात. फाइल ७२० बाय ५७६ची, एकाआड एक ओळी तशाच ठेवून, एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारख्या काहीही न गाळणाऱ्या पद्धतीने साठवावी. मुळात तासाला सुमारे ७५ जीबी होणारा मजकूर त्यात निम्म्याच्या आसपास येतो. अर्ध्या चित्रांच्या ओळी जोडून पूर्ण चित्रं करायची ती नंतर, आणि जोडताना सेकंदाला ५० चित्रं करावीत. २५ केली की वरातीतला नाच अडखळतो. तळाशी दिसणारी फाटकी पट्टी हा बिघाड नव्हे, तिथे एक हेड थांबून दुसरं सुरू होतं. जुने टीव्ही ती चौकटीआड लपवत.

मोबाइलच्या लहरींनी कॅसेट पुसली जाते, ही समजूत सोडून द्या. कॅसेटीचा खरा शत्रू दमट हवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीला. पापडासारखी उन्हात वाळवली तर फीत आणि कवच दोन्ही वाकतील. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी बहुधा एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात: ५२५ ओळी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपल्याकडचे अनेक व्हीसीआर त्या दाखवतात, पण रंग पालच्या धर्तीवर बदलून. तो मिश्र सिग्नल बऱ्याच कॅप्चर उपकरणांना कळत नाही आणि चित्र काळं-पांढरं येतं. एनटीएससी जसंच्या तसं बाहेर देणारं मशीन शोधावं लागतं. तेही जुनंच, कारण जपानच्या फुनाईने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं.