पाण्यातील शिसे आणि पॉलिमरचा लेप : पार्श्वभूमी

पाण्यातील शिसे-कॅडमियम विजेच्या साहाय्याने मोजताना इलेक्ट्रोड म्हणून (पाण्यात बुडवायचा वाहक पृष्ठभाग) पाऱ्याला बराच काळ तोड नव्हती. १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबावर सुरू झालेली पोलॅरोग्राफी (विभव, म्हणजे व्होल्टेज, बदलत प्रवाह मोजायची पद्धत) पुढे ग्लासी कार्बनवरच्या (काचेसारख्या कठीण कार्बनवरच्या) पाऱ्याच्या पातळ थरापर्यंत आणि स्ट्रिपिंगपर्यंत आली, म्हणजे धातू आधी पृष्ठभागावर जमा करून मग विरघळवताना प्रवाह मोजण्यापर्यंत. घोडे अडले नदी-नाल्याच्या पाण्यात. बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात) टोकदार येणारे प्रवाहाचे शिखर तिथे बसके होई, कारण ह्यूमिक आम्ल (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारे) आणि डिटर्जंट पृष्ठभागाला चिकटत.

त्यावर १९८० च्या दशकात नॅफिऑन या पॉलिमरचा लेप आला. प्रदूषक मोजणाऱ्यांसाठी खरे वळण तेच. नॅफिऑनमधले सल्फोनेट गट ऋणभारित असल्याने शिशाचे धन आयन आत शिरतात, ह्यूमिक आम्लाचे ऋण आयन बाहेर राहतात. इलेक्ट्रोडची ३ मिमीची ग्लासी कार्बनची चकती आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर घासायची, धुवायची, नॅफिऑनचे ५ टक्क्यांचे द्रावण इथेनॉलने दहापट पातळ करून त्याचा ५ मायक्रोलिटरचा थेंब टाकायचा. वाळल्यावर थर दोन मायक्रॉनच्या आत बसतो. थेंब कडेच्या टेफ्लॉनवर ओघळला तर थर असमान होतो, नीट वाळण्याआधी बुडवला तर सुटतो. जाड झाला तर आयन उशिरा पोहोचतात आणि शिखर उलट खुजे होते.

गोंधळ आहे तो नावात. अशा लेप दिलेल्या इलेक्ट्रोडला इंग्रजीत ‘मॉडिफाइड’ म्हणतात; त्यासाठी मराठीत सर्रास ‘सुधारित’ लिहिले जाते, आणि ते दिशाभूल करते. अशा इलेक्ट्रोडची १९९७ ची आंतरराष्ट्रीय परिभाषा व्यापक आहे. थर इलेक्ट्रॉन वाहतो की फक्त आयन, हे नावातून कळत नाही. पॉलिअ‍ॅनिलिन हे पॉलिमर इलेक्ट्रॉन वाहते, पण सामू ४ च्या वर मंदावते, म्हणजे साध्या नळाच्या पाण्यात जवळपास निकामी. नॅफिऑन फक्त आयन वाहते. पॉलिपायरोल हे तिसरे पॉलिमर जास्त विभवाला अतिऑक्सिडीकृत झाले की वाहकता गमावते, तरी धन आयन निवडण्याचे काम करते. आणि फिनॉल मोजताना चकतीवर आपोआप साचणारा थरही पॉलिमरच. मोजणीच्या काही फेऱ्यांतच तो प्रवाह मारून टाकतो. याला सुधारणा कशी म्हणायची? ‘लेपित’ हाच शब्द प्रामाणिक.

२००० मध्ये पाऱ्याच्या जागी बिस्मथचा थर आला. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाल्यावर पाऱ्याकडे परतायचे कारणही उरले नाही. लेप मात्र टिकला. आता सामू ४.५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये बिस्मथ मिसळून −१.२ व्होल्टला १२० सेकंद ढवळत जमा करतात, १० सेकंद थांबतात, मग स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी स्पंदांनी विभव वाढवत प्रवाह मोजणे. कॅडमियमचे शिखर −०.८ व्होल्टच्या आसपास येते, शिशाचे −०.५५ च्या जवळ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा शिशाला लिटरमागे १० आणि कॅडमियमला ३ मायक्रोग्रॅम आहे. ती या पद्धतीच्या आवाक्यात येते. तांबे मात्र लेप अडवत नाही, कारण तेही धन आयनच. ते बिस्मथसोबत जागेसाठी झगडते आणि शिशाचे शिखर खाली ओढते. तांबे जास्त असेल तर फेरोसायनाइड घालून बांधावे लागते आणि मापन शुद्ध पाण्यात आधी काढलेल्या प्रमाण-आलेखावरून न काढता त्याच नमुन्यात शिशाची ज्ञात मात्रा टप्प्याटप्प्याने घालून करावे लागते.