कल्याणकारी व्यवस्थांची तुलना

म्हातारपण, आजारपण, बाळंतपण, बेकारी अशा वेळी कुठल्या देशाचं सरकार लोकांना काय देतं, कुणाच्या पैशातून देतं आणि कुणाला बाहेर ठेवतं, हे शेजारी शेजारी मांडून बघायचा अभ्यास.

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. इंग्लंडचा 1601 चा गरिबांचा कायदा काही जण पुढे करतात, पण ती मदत गावकीच्या मर्जीवर, हक्क म्हणून नव्हे, त्यामुळे जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्क याच्यापासून धरणं जास्त पटतं. जर्मनीत 1883 ला आजारपणाचा, 1884 ला अपघाताचा, 1889 ला म्हातारपणाचा विमा आला, पेन्शनचं वय मात्र 70, तिथवर पोचणारे कामगार थोडेच. डेन्मार्कने 1891 ला वर्गणीशिवाय, करातून पेन्शन दिली. ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी सामाजिक विम्याचा आराखडा मांडणारा बेव्हरिजचा रिपोर्ट 1942 चा.

1990 मध्ये एस्पिंग-अँडरसन या डॅनिश समाजशास्त्रज्ञाने कल्याणकारी व्यवस्थेवरून 18 देशांचे तीन गट पाडले आणि त्यात पोर्तुगाल नव्हताच, 1996 ला फेरेरा या इटालियन अभ्यासकाने इटली, स्पेन, ग्रीसबरोबर त्याला चौथ्या, दक्षिण युरोपच्या गटात बसवलं. पोर्तुगालची सुरुवात कुणी 1919 च्या सक्तीच्या विम्याच्या कायद्यांपासून धरतं, पण ते बरेचसे कागदावरच राहिले. सगळ्यांसाठी हक्क 1976 च्या घटनेत आला आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा 1979 ला.

म्हणून गोव्यातल्या योजना म्हणजे पोर्तुगीजांचा वारसा असं जे बोललं जातं ते टिकत नाही, कारण गोवा 1961 लाच मोकळा झाला होता. इथली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, म्हणजे म्हाताऱ्यांसारख्या गरजूंना दरमहा पैसे देणारी राज्य सरकारची योजना, 2001-02 च्या सुमाराची, पूर्ण भारतीय घडणीची, करातून चालणारी आणि उत्पन्नाची अट घालणारी. केंद्राची म्हातारपणाची पेन्शन 60 ते 79 वयाला महिन्याला 200 रुपये, तर दयानंदची रक्कम 2012 नंतर 2000 च्या घरात, हा फरक खरंच मोठा आहे. डिचोली-पेडण्याकडे बँकेत पासबुक भरायला आलेल्या आज्या "दयानंदचे पैसे आले का बाय?" असंच विचारतात, आणि वर्षाकाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो तो चुकला की पैसे अडकतात.

पगारदारांसाठी भारतात जर्मन वळणाची, पगारातून वर्गणी कापण्याची वाटही आहे, 1948 चा ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) आणि 1952 चा पीएफ, पण रेंदेर (माडाची सूर काढणारे), होडीवरचे खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका यांच्याकडे दरमहा कापून घ्यायला ठरलेला पगारच नसतो, त्यांना करातून मिळणारी पेन्शनच खरा आधार.