वयाची बंदी वेगळी, पालकांची संमती वेगळी

‘ऑस्ट्रेलियासारखा कायदा आता आपल्याकडेही आलाय’ असं अनेक पालक धरून चालतात. तसं नाही.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांवर खातं ठेवता येत नाही. आईवडील हो म्हणाले तरी नाही. दंड होतो तो कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना नाही.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बंदी नाहीच. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने आधी पालकाची पडताळलेली संमती घ्यायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ही अट त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार.

ऑस्ट्रेलियात चूक वय ठरवताना होते. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर नेमकं सोळाच्या आसपासच अडखळतं: सतरा वर्षांची मुलगी बाहेर राहते, पंधराचा मुलगा आत शिरतो. शिवाय यूट्यूब खात्याविनाही दिसतं, आणि खातं गेलं की त्याला जोडलेलं पालकांचं नियंत्रणही जातं. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडची मेख त्याआधीच आहे. हा वापरकर्ता लहान आहे, असं मुलाने किंवा पालकाने सांगितलं की मग पडताळणी, अशीच नियमांतली उदाहरणं आहेत. मुलाने जन्मसाल २००० टाकलं, तर संमती मागणार कोण? वय पडताळायला डिजिलॉकर हे सरकारी ॲप जे डिजिटल टोकन देतं, त्यावरून समोरची व्यक्ती सज्ञान आहे एवढं कळतं, ती याच मुलाची आई आहे हे कळत नाही. आणि घरात ज्याच्याकडून मार बसतो त्याचीच परवानगी मागायची वेळ आली, तर मूल मदत शोधणारच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १७ वं कलम मुलाला माहिती मिळवण्याचा हक्क देतं, तो इथे अडतो.

आमच्या मते भारताच्या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग संमतीचा नाहीच. मुलांवर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं कलम ९ सांगतं. ही मनाई पालकाच्या संमतीनेही उठत नाही, आणि ती मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. शाळेच्या बसमधल्या मुलांचं ठिकाण पाहायला मात्र सूट आहे, तीही प्रवासातल्या सुरक्षेपुरती.