आयात स्टीलची मागणी: उद्यमनगरातल्या दरामागचा इतिहास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला वर्कशॉपवाला बंदरावरून कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, मागवत नाही. लागेल तसा बार, पत्रा व्यापाऱ्याकडून उचलतो. तरी चीनमध्ये घरबांधणी थंडावली की इथला दर हलतो. कारण देशी पत्र्याचा भाव ठरताना आयात माल भारतात किती रुपयांना पडेल, हा हिशेब आधी होतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, रूरकेला, दुर्गापूर उभे राहिले, पण माल कमी पडे. कोटा आणि परमिटवर वाटप होई. १९५६ पासून मालवाहतूक समानीकरणामुळे, म्हणजे अंतर कितीही असो भाडं सारखंच धरण्याच्या धोरणामुळे, जमशेदपूरचं स्टील दूरच्या गावालाही साधारण त्याच भावात पडे. खाणींपासून लांब असलेल्या कोल्हापुरात ऑइल इंजिनचा धंदा वाढला, त्यात या धोरणाचा वाटा मला मोठा वाटतो. जानेवारी १९९२ मध्ये दर आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं, पाठोपाठ समानीकरणही गेलं. पुढे आयात शुल्क उतरत गेलं आणि परदेशी भाव थेट आपल्या बाजारात आला.

मग आयात स्टीलची मागणी कशामुळे वाढते? स्वस्ताई हे पहिलं कारण. जगातलं निम्म्याहून जास्त स्टील चीन बनवतो. तिथला खप घटला की उरलेला माल बाहेर पडतो. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्याची निर्यात ११ कोटी टनांच्या घरात गेली. दुसरं कारण करारांचं: कोरियाशी २०१० पासून आणि जपानशी २०११ पासून मुक्त व्यापार करार आहेत, त्यामुळे तिथलं बरंचसं स्टील सीमाशुल्काविना येतं.

ग्रेडचा मुद्दा मात्र भावाच्या पलीकडचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला लागणारी खास सिलिकॉन पत्री देशात पुरेशी बनत नाही, ती बाहेरूनच आणावी लागते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं दुखणं वेगळं, त्यांना स्क्रॅप लागतं. इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेच्या भट्टीत एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा, घ्यायची तर स्क्रॅपमध्ये मँगनीज, क्रोम कमी हवं. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट बिघडला तर अख्खी हीट वाया. असं स्वच्छ स्क्रॅप देशात गरजेइतकं निघत नाही. म्हणून २०२१ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क शून्य केलं. तो निर्णय योग्यच होता.

तयार स्टीलबाबत सरकारचा कल उलटा राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये हॉट रोल्ड कॉइलवर २० टक्के संरक्षक शुल्क लागलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये १७३ उत्पादनांना किमान आयात किंमत. २०२४-२५ मध्ये तयार स्टीलची आयात सुमारे ९५ लाख टनांवर गेली. देशाचा खप १५ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे वाटा लहानच; पण भाव दाबायला तेवढा पुरतो. एप्रिल २०२५ मध्ये पत्रा, कॉइल अशा सपाट उत्पादनांवर १२ टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क आलं.

स्टील बनवणाऱ्या गिरण्यांना हे संरक्षण मिळायला हवं, स्वस्त मालाच्या लोंढ्यात नवी गुंतवणूक टिकणार नाही. पण हे शुल्क पत्र्यावर आहे. त्याच पत्र्यापासून बनलेला सुटा भाग बाहेरून आला तर त्याला ते लागत नाही. इथला छोटा कारखानदार महाग पत्रा घेऊन त्या भागाशी दरात झुंजतो, आणि शुल्क ठरवताना त्याचं म्हणणं गिरण्यांइतक्या गांभीर्याने घेतलं पाहिजे.