कायदा कुठला, कुठल्या दिवसाचा: सीमाभागातल्या कायदेशोधाची पार्श्वभूमी

लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कायदेशोध, म्हणजे लागू होणारा कायदा आणि निवाडे शोधून काढणं, शिकवताना काही शब्द पाठच करून घेतात: बंधनकारक निवाडा, मार्गदर्शक निवाडा, रेशो (निर्णयाला आधार देणारं विधान), ऑबिटर (ओघात आलेलं मत), प्राथमिक साधन (कायदा, निवाडा), दुय्यम साधन (त्यांच्याबद्दलचं लेखन, अहवाल). मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला ही परीक्षेपुरती यादी वाटली तर नवल नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मात्र या शब्दांमागं गेल्या दोनशे वर्षांची उलथापालथ आहे. इथं जमिनीचा जुना दावा हाती घेतला की आधी ठरवावं लागतं, ज्या दिवशी हक्क निर्माण झाला त्या दिवशी इथं कुणाचा कायदा होता.

पेशवाईत हा शोध पुस्तकात नव्हताच. वतनाचा तंटा गोतसभेपुढं यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे, जुन्या सनदा पाहायचे, साक्षी ऐकायचे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. त्यावर ज्याची त्याची निशाणी. पाटलाचा नांगर तर ठरलेलाच. आजच्या भाषेत सांगायचं तर वस्तुस्थितीचा शोध भक्कम होता, पण एका गावचा निवाडा पुढच्या गावाला बांधील धरण्याची कल्पना नव्हती.

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि 1836 मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा झाला. मधल्या काळात, 1827 साली, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याची रेग्युलेशनं, म्हणजे सरकारी कायदे, निघाली. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनच्या 26व्या कलमानं न्यायाधीशानं कायदा कुठं शोधायचा याची उतरंडच घालून दिली. पहिल्यांदा पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशनं, ती नसतील तर मुलखाची रूढी, रूढीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय, समदृष्टी व सद्सद्विवेक. ‘कायद्याची साधनं’ म्हणून आज जो धडा शिकवतात त्याची आपल्याकडची ही पहिली पक्की मांडणी, असं मला वाटतं. रूढी हवी तर ती कुठंतरी नोंदलेली हवी. म्हणून त्याच वर्षी आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचा संग्रह छापला. पुढं 1868 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, मदुरेच्या खटल्यात सांगितलं की रूढी स्पष्ट सिद्ध झाली तर ती शास्त्राच्या लेखी वचनावर मात करते. त्यामुळं वकिलाला मिताक्षरा आणि मयूख हे धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळून भागेना, गावच्या चालीचा पुरावाही आणावा लागे.

छापील निवाडे आले आणि शोधाची तऱ्हाच बदलली. मुंबई हायकोर्ट 1862 चं. त्याच्या सुरुवातीच्या निवाड्यांचे 12 खंड निघाले. 1875 च्या कायद्यानं निवाड्यांच्या सरकारमान्य छापील खंडांना वेगळं स्थान दिलं आणि 1876 पासून इंडियन लॉ रिपोर्ट्‌सची मुंबई मालिका सुरू झाली. बॉम्बे लॉ रिपोर्टर 1899 चा, ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) 1914 चा. सायटेशन म्हणजे या कपाटांतला पत्ता, वर्ष, कोर्ट आणि पान. निवाड्याच्या वर छापलेला सारांश, म्हणजे हेडनोट, संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे. ही गोष्ट कितीदा सांगितली तरी हेडनोट वाचूनच युक्तिवाद करणारे भेटतातच. बेळगावात 1939 साली कर्नाटक लॉ सोसायटीचं लॉ कॉलेज निघालं, तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यातच होता आणि बंधनकारक शब्द मुंबई हायकोर्टाचा होता.

रेशो म्हणजे काय हे समजून घ्यायला दूर जायला नको. शेजारच्या विजापूर भागातला कानगो घराण्याचा खटला घ्या: श्रीनिवास कृष्णराव कानगो विरुद्ध नारायण देवजी कानगो, ए.आय.आर. 1954 सुप्रीम कोर्ट 379. विधवेनं घेतलेलं दत्तक नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासून धरायचं, हे जुनं तत्त्व. 1943 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं अनंत विरुद्ध शंकर या खटल्यात ते ताणून भाऊबंदांकडून वारसानं आलेल्या मिळकतीलाही लावलं होतं. म्हणजे आधीच दुसऱ्याच्या नावावर झालेली मिळकत दत्तकपुत्रानं काढून घ्यायची. सुप्रीम कोर्टानं इथं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरतं जुनं तत्त्व कायम, भाऊबंदाच्या वारशाला मात्र ते लागू नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्याचा तेवढा भाग गळून पडला. निवाडा पूर्ण उलटत नाही, त्यातलं नेमकं कुठलं विधान निर्णयाला आधार देतं ते काढून त्याची हद्द आखायची. कायदेविश्लेषण म्हणतात ते हेच.

दोनच वर्षांनी, 21 डिसेंबर 1956 ला, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला आणि पुढच्या दत्तकांपुरता हा वाद कलम 12 नं मिटवला. पण दत्तक त्या तारखेआधीचं असेल तर जुना कायदाच पाहावा लागतो. तारीख आधी बघा, असं जुने वकील उगाच म्हणत नाहीत.

त्याच वर्षीची दुसरी तारीख आपल्या जास्त परिचयाची, 1 नोव्हेंबर. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 नुसार मात्र आधीचे कायदे होते त्या मुलखात तसेच चालू राहिले. त्या कायद्यांत ‘मुंबई राज्य’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आदल्या दिवशीचा मुंबई राज्याचा मुलूख, असंही त्यात म्हटलं होतं. कायदा मुंबईचा आणि हायकोर्ट म्हैसूरचं, अशी स्थिती झाली. सुप्रीम कोर्टाचा निवाडा अनुच्छेद 141 नं सगळ्यांनाच बांधतो. दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा आजचा निवाडा मार्गदर्शक असतो, बांधत नाही. पण जो कायदा मूळ मुंबईचा, त्याचा अर्थ लावायला मुंबईचे खंड उघडावेच लागत. म्हणून इथल्या जुन्या वकिलांकडं दोन्हीकडची कपाटं.

सगळ्यात जास्त चटका कुळांना बसला. मुंबईचा 1948 चा कुळकायदा कागललाही होता आणि निपाणीलाही. महाराष्ट्राच्या बाजूला 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी पात्र कुळं जमिनीची मालक मानली गेली. इकडं म्हैसूर विधिमंडळानं 1957 मध्येच कायदा करून ती कलमं स्थगित ठेवली. पुढं 1961 चा जमीनसुधारणा कायदा 2 ऑक्टोबर 1965 पासून अमलात आला आणि त्याच्या दुरुस्तीनं 1 मार्च 1974 ला कुळवहिवाटीच्या जमिनी सरकारजमा झाल्या. मग कुळानं फॉर्म नंबर 7 भरून लँड ट्रायब्युनलपुढं जायचं. एकाच मूळ कायद्याखालच्या दोन शेजाऱ्यांच्या हक्कात सतरा वर्षांचं अंतर पडलं. अशा प्रकरणात कागलच्या कुळाच्या बाजूनं लागलेला निवाडा निपाणीच्या दाव्यात दाखवला तर समोरचा वकील एका वाक्यात तो डिस्टिंग्विश करतो, म्हणजे इथं लागू नाही असं दाखवतो: इथं ते कलम त्या दिवशी अमलातच नव्हतं.

दुय्यम साधनाचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण महाजन आयोगाचं. सीमावादासाठी तो 1966 मध्ये नेमला, 1967 मध्ये अहवाल आला. 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, बेळगाव जिथं आहे तिथंच, अशी शिफारस होती. महाराष्ट्रानं तो नाकारला, कर्नाटक आजही त्याचाच आधार घेतं. सभांमधून दोन्हीकडचे लोक त्याला निवाड्यासारखं बोलतात. पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे आणि निवाडाही नव्हे. अनुच्छेद 3 खाली संसदेनं कायदा केल्याशिवाय राज्याची हद्द हलत नाही.

याच सीमावादावर 2004 मध्ये महाराष्ट्रानं अनुच्छेद 131 खाली सुप्रीम कोर्टात मूळ दावा दाखल केला. इथं ‘मूळ’ म्हणजे अपील नव्हे, पहिलीच पायरी. म्हणून त्यात मुद्दे काढणं, पुरावा घेणं हे सगळं खालच्या कोर्टासारखंच येतं. अशा दाव्यात राज्याला केवळ गाऱ्हाणं सांगून चालत नाही, कायदेशीर हक्क दाखवावा लागतो. दावा नुसता दाखल झाल्यानं हद्द बदलत नाही, अपिलाची वाटही नाही. हद्द आहे तिथंच असल्यानं खानापूरच्या शेतकऱ्याचं हायकोर्टातलं प्रकरण पूर्वी बेंगळूरला जायचं, 2008 मध्ये खंडपीठ सुरू झाल्यापासून ते धारवाडला जातं.