सेनापती बापट: मुळशीच्या आधी आणि मुळशीत काय घडलं

सेनापती बापट म्हटलं की मुळशी सत्याग्रह, म्हणजे पुण्याजवळच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला लढा, एवढंच आठवतं, पण मुळशीत उतरले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि तोवर बरंच काही करून झालं होतं. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, जन्म १८८० चा. स्कॉलरशिपवर एडिंबराला गेले, तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण ठोकलं, झालं, स्कॉलरशिप गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, म्हणजे तिथल्या भारतीय क्रांतिकारकांचा अड्डा, तिथून पॅरिस, तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवली, १९०८ ला परत आले आणि पुढे अटक होईपर्यंत काही वर्षं भूमिगत. सुटल्यावर मात्र गडी पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडतोय, आणि १९२० ला मुंबईत झाडूवाल्यांच्या संपात!

आता मुळशी. टाटांना मुंबईसाठी वीज हवी होती. मुळा-नीलेच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर वीज काढायची, असा प्लॅन. त्यात मावळची भातखाचरं जाणार होती. शेतकऱ्यांना विचारतंय कोण, सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’, बायकाही उतरल्या, काम काही काळ थांबलंसुद्धा. मग घोडं अडलं कुठे, तर बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या घशात गेलेल्या, त्यांना भरपाईचे रोख पैसे दिसत होते, ते कशाला लढतील? माझ्या मते लढा पोलिसांपेक्षा इथेच जास्त पोखरला गेला.

बापट जेलमध्ये आत-बाहेर करत राहिले. ‘सेनापती’ हे नाव लोकांनी याच लढ्यात दिलं. शेवटी माणसं पांगली तेव्हा १९२४ ला त्यांनी मोजक्या साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे रुळावर दगड रचून अडवली, तेही हत्यार घेऊन, म्हणजे गांधीजींच्या चौकटीत हे बसणारं नव्हतंच. सात वर्षांची शिक्षा झाली, सुटले १९३१ ला. तोवर धरण बांधून झालं होतं, भिऱ्याला वीज सुरू होती.

म्हातारपणीही स्वस्थ बसले नाहीत, गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र, दोन्हीकडे होते. १९६७ ला गेले.